कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे : आठ खणांचं व्याकरण आणि आपला प्रबंध



पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "ताई, इंग्रजी व्याकरणासाठी कोणतं पुस्तक करू?" उत्तर म्हणून पुस्तकांची यादी देऊन मोकळं होता आलं असतं. पण या पुस्तकांनी मला एका ठिकाणी चांगलंच तोंडघशी पाडलं. म्हणून आज यादीच्या जागी थोडी समीक्षा करते. पुस्तकं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. ती काय शिकवतात, काय शिकवत नाहीत आणि संशोधनाला बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचं त्यात कुठे अडतं, एवढंच पाहू.

आधी माझी फजिती

माझं गाव केंदूर, तालुका शिरूर. कान्हूराज पाठक महाराजांचं गाव म्हणून वारकऱ्यांना ते माहीत असतं. बाकीच्यांना 'पाबळच्या शेजारी' असं सांगावं लागतं. पाऊस कमी, त्यामुळे गावात कुठलीही गोष्ट निघाली की ती फिरून विहिरीवर येते. माझ्या प्रबंधाचा विषयही याच पट्ट्यातल्या विहिरी आणि पाण्याचा वापर. काही नमुने तपासायचे आणि जुन्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, असं काम.

पहिल्या प्रगती अहवालात मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं होतं : 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट मोस्ट वेल्स वेअर डीपन्ड आफ्टर द ड्राउट ऑफ १९७२.' म्हणजे, १९७२ च्या दुष्काळानंतर बहुतेक विहिरी आणखी खोल केल्याचं दिसून आलं. वाक्य व्याकरणात चोख होतं. भारदस्त वाटत होतं, शोधनिबंधात असतं तसं.

समितीतल्या एका सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ऑब्झर्व्ह्ड बाय हूम? १९७२ साली तुम्ही तिथे होतात का?"

माझा जन्मही नव्हता. सगळे हसले, मीही हसले. पण त्या हसण्याखाली गंभीर गोष्ट होती. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. मला ते सांगितलं गेलं होतं. ऐकीव माहितीला मी निरीक्षण म्हणून नोंदवलं होतं आणि हा प्रकार माझ्या लक्षातही आला नव्हता, कारण वाक्य 'बरोबर' होतं.

घरी आल्यावर ज्या चुलत्यांनी ही माहिती दिली होती त्या नानांना मी ते वाक्य मराठी करून वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "दिसून आलं म्हंजी कुनाला? तू व्हतीस का गं तवा? तुझा बाप साळंत जात व्हता. म्या सांगितलं ना तुला!"

सरांचा आणि नानांचा प्रश्न एकच होता. फरक इतकाच, की नाना सातवी शिकलेले आहेत आणि त्यांनी इंग्रजी व्याकरण कधी उघडलेलं नाही. मी मात्र दहावीपासून ते घोकत आले होते. मग मला हे का दिसलं नाही? याचं उत्तर शोधताना मी जुनी पुस्तकं पुन्हा काढली.

आठ खण आले कुठून

आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकतो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. इंग्रजीच्या तासाला याच आठ पुन्हा येतात, नाऊनपासून इंटरजेक्शनपर्यंत. दोन्ही याद्या तंतोतंत जुळतात म्हणून आपल्याला वाटतं की जगातल्या सगळ्या भाषांना मुळात आठच खण असावेत.

जुळण्याचं कारण साधं आहे. एक यादी दुसरीवर बेतलेली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा लिंडले मरे या लेखकाचं इंग्रजी व्याकरण त्यांच्यासमोर नमुना म्हणून होतं. मरेचं पुस्तक १७९५ चं. गंमत म्हणजे मरेकडे जाती नऊ होत्या, कारण तो 'अ, ॲन, द' यांची वेगळी जात धरत असे. मराठीला असे शब्द नाहीत, म्हणून तो खण गेला आणि आठ उरले. आपल्याकडची जुनी पद्धत निराळी होती. यास्काने शब्दांचे चारच वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात.

दादोबांना दोष द्यायचा नाही. त्या काळात मराठीचं व्याकरण शाळेत शिकवता येईल अशा रीतीने मांडणं हे प्रचंड काम होतं. पण पुढे मोरो केशव दामल्यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं, अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी मराठी व्याकरणातल्या गृहीतकांची तपासणी केली. ही चर्चा विद्यापीठात राहिली. शाळेत आणि गाईडमध्ये आठ खण जसेच्या तसे राहिले.

इंग्रजीतही खण स्थिर नाहीत. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांचं दैवत म्हणजे 'रेन अँड मार्टिन'. १९३० च्या दशकातलं हे पुस्तक आठ जाती सांगतं. २००२ मध्ये आलेलं 'द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' पुन्हा नऊ वर्ग करतं, पण ते मरेचे नऊ नव्हेत. त्यात सर्वनामं नामाच्या पोटात जातात आणि 'द', 'सम', 'एव्हरी' यांना स्वतंत्र वर्ग मिळतो. म्हणजे 'जाती किती?' याचं उत्तर वर्गीकरण कोण आणि कशासाठी करतंय यावर ठरतं. संशोधन करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखायला हवी, कारण उद्या आपणही विहिरींचं, मुलाखतींचं, आजारांचं वर्गीकरणच करणार आहोत.

पुस्तकाचं म्हणणं आणि पुस्तकाचा सराव

'रेन अँड मार्टिन'वर टीका करणं सोपं आहे, म्हणून आधी त्याची बाजू. शब्दाची जात तो वाक्यात काय काम करतो त्यावरून ठरते, हे पुस्तक स्पष्ट सांगतं. एकच शब्द वेगवेगळ्या जातींत कसा वावरतो याची उदाहरणंही देतं. तत्त्व अगदी बरोबर आहे. मराठीतही पाहा : 'चांगला मुलगा' इथे विशेषण, 'तो चांगला खेळतो' इथे क्रियाविशेषण आणि 'चांगल्याचं चांगलंच होतं' इथे नाम.

अडचण सरावात आहे. हाताखाली येतात ते प्रश्न असे : अधोरेखित शब्दाची जात ओळखा, काळ ओळखा, प्रयोग बदला. प्रवेश परीक्षाही हेच विचारते. वर्षानुवर्षं आपण नाव ओळखायचा सराव करतो आणि शब्दाचं काम बघायची सवयच लागत नाही. माझ्या वाक्यातलं 'वॉज ऑब्झर्व्ह्ड' मला दाखवलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं : क्रियापद, साधा भूतकाळ, पॅसिव्ह व्हॉइस. तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण. 'कोणी ऑब्झर्व्ह केलं?' हा प्रश्न मात्र स्वाध्यायात कुठेच नव्हता.

त्यात मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांची एक जास्तीची अडचण असते. आपण इंग्रजी व्याकरण समीकरणांनी शिकतो : हे मराठी नाव बरोबर ते इंग्रजी नाव. यातली तीन समीकरणं प्रबंधात फार महागात पडतात.

पहिलं समीकरण : कर्मणी = पॅसिव्ह

हे सगळ्यात घट्ट बसलेलं आणि सगळ्यात चुकीचं. 'शेतकऱ्यांनी विहिरी खोदल्या' हे वाक्य घ्या. क्रियापद 'खोदल्या' हे विहिरींप्रमाणे चालतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. आता गाईड म्हणतं कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, म्हणून विद्यार्थी लिहितो : 'वेल्स वेअर डग बाय फार्मर्स.'

पण मराठी वाक्यात शेतकरी कुठेही मागे ढकललेला नाही. तो वाक्याच्या तोंडाशी उभा आहे, 'नी' हा प्रत्यय लावून. याचं साधं इंग्रजी 'फार्मर्स डग वेल्स', म्हणजे ॲक्टिव्ह.

अजून एक पुरावा. 'शेतकरी विहीर खोदतो' हे कर्तरी आणि 'शेतकऱ्याने विहीर खोदली' हे कर्मणी. मध्ये बदललं काय? फक्त काळ. शिकणे, विसरणे अशी काही क्रियापदं सोडली, तर सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की मराठीत ते कर्त्याशी जुळणं सोडून देतं. इंग्रजीत पॅसिव्हचा काळाशी असा संबंध नाही. कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असतं, तर मराठी माणसाच्या कालच्या सगळ्या गोष्टी पॅसिव्हमध्येच घडल्या असत्या! भाषाशास्त्रात मराठीच्या या वागण्याला 'एर्गेटिव्ह' म्हणतात. हिंदीतही 'उसने रोटी खायी' मध्ये तेच दिसतं.

मराठीतलं खरं पॅसिव्ह म्हणजे 'विहिरी खोदल्या गेल्या' किंवा सरकारी पत्रातलं 'विहिरी खोदण्यात आल्या'. गंमत म्हणजे आपल्या शालेय व्याकरणात 'नवीन कर्मणी' नावाने याची वेगळी नोंद असते आणि ही रचना इंग्रजीच्या वळणाची आहे असंही सांगितलेलं असतं. ती एक ओळ आपण पाठ करतो आणि पुढच्या पानावर समीकरण तसंच वापरतो.

आता नानांचं वाक्य आठवा : 'म्या सांगितलं.' प्रमाण मराठीत आपण 'मी सांगितलं' म्हणतो. 'मी येतो' आणि 'मी सांगितलं' यातलं 'मी' सारखंच दिसतं. जुन्या मराठीत करणाऱ्या 'मी'चं वेगळं रूप होतं, म्यां. जुन्या व्याकरणांत ते तृतीयेत नोंदलेलं आहे. ते आपल्याकडच्या बोलीत अजून जिवंत आहे. ज्या बोलीला आम्ही शहरात गेल्यावर अशुद्ध म्हणून लपवतो, त्या बोलीत 'हे कोणी केलं' याची खूण प्रमाण भाषेपेक्षा जास्त स्पष्ट आहे.

मग पॅसिव्ह टाकून द्यायचं का?

नाही. 'सॅम्पल्स वेअर स्टोअर्ड ॲट ४ डिग्री सेल्सिअस' हे उत्तम वाक्य आहे. बाटल्या फ्रीजमध्ये मी ठेवल्या की प्रयोगशाळेतल्या मामांनी, याने निष्कर्षात फरक पडत नाही. करणारा महत्त्वाचा नसेल किंवा संदर्भाने उघड असेल, तर पॅसिव्ह योग्यच. हा विचारही 'रेन अँड मार्टिन'मध्ये थोडक्यात आहे, पण सराव पुन्हा वाक्य उलटसुलट करण्याचाच.

उलट बाजूचीही काळजी घ्या. हल्ली व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर पॅसिव्हखाली रेघ मारतात आणि विद्यार्थी घाबरून सगळीकडे 'आय' किंवा 'वी' टाकतात. माझं वाक्य 'आय ऑब्झर्व्ह्ड' असं केलं असतं तर ते आणखी खोटं झालं असतं! म्हणजे अडचण प्रयोगाची नव्हतीच. करणारा लपला की त्याच्यासोबत माहितीचा उगम लपतो, अडचण ही होती.

दुसरं समीकरण : 'ला आहे' = हॅज, हॅव

'मी २०२२ मध्ये नमुने घेतले आहेत.' मराठीत याला कोणी हरकत घेणार नाही. समीकरण लावलं की होतं : 'आय हॅव कलेक्टेड सॅम्पल्स इन २०२२.' इंग्रजीत हे चालत नाही. 'हॅव कलेक्टेड' हा पूर्ण वर्तमान आहे. तो आजपासून मागे बघतो, म्हणून भूतकाळातली ठरावीक तारीख त्याच्यासोबत नांदत नाही. साल सांगितलं की साधा भूतकाळ : 'आय कलेक्टेड सॅम्पल्स इन २०२२.'

नियम छोटा, पण पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात त्याचा अर्थ मोठा. 'सेव्हरल स्टडीज हॅव शोन' म्हटलं की ते निष्कर्ष आजही उभे आहेत आणि माझं काम त्यांच्यावर टेकलेलं आहे, असा सूर येतो. एखाद्या अभ्यासाने ठरावीक वर्षी काय मोजलं ते सांगताना साधा भूतकाळ. आणि 'टेबल ३ शोज' हे वर्तमानात, कारण तक्ता वाचकाच्या डोळ्यासमोर आत्ता आहे. काळ बदलला की आपलं त्या माहितीशी असलेलं अंतर बदलतं. गाईडमध्ये बारा काळांचा तक्ता असतो, हे अंतर नसतं.

तिसरं समीकरण : 'त आहे' = इज अधिक आयएनजी

'हा अभ्यास असं मांडत आहे' याचं 'धिस स्टडी इज आर्ग्यूइंग' होतं, 'मला वाटत आहे' याचं 'आय ॲम फीलिंग दॅट'. एकदा आयएनजीची सवय लागली की 'द व्हिलेज इज हॅव्हिंग मेनी वेल्स' इथपर्यंत गाडी जाते. मराठीत तर तिथे 'गावात विहिरी आहेत' एवढंच असतं, 'त आहे' नसतंच! 'हॅव' जेव्हा मालकी किंवा असणं दाखवतं, 'नो' जेव्हा माहीत असणं दाखवतं, तेव्हा ती स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही. इंग्रजी अशा स्थितीला सहसा आयएनजी लावत नाही. 'द व्हिलेज हॅज मेनी वेल्स' पुरे.

भारतीय इंग्रजी म्हणून यावर एक वेगळी चर्चा आहे आणि ती मला पटतेही. बोलताना कोणी 'आय ॲम हॅव्हिंग अ डाउट' म्हणालं तर नाक मुरडू नका. पण प्रबंधाचा परीक्षक कुठला असेल सांगता येत नाही, म्हणून लिहिताना जपा.

क्रियापद हा आपला दावा असतो

आता या लेखाचं मुख्य म्हणणं. प्रबंधात क्रियापद एकाच वेळी तीन गोष्टी कबूल करतं : कोणी केलं, कधी केलं आणि आपल्याला किती खात्री आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी प्रयोग आणि काळ आहेत. तिसरीसाठी क्रियापदाची निवड. 'प्रूव्ह', 'शो', 'सजेस्ट', 'रिपोर्ट', 'रिकॉल' ही सगळी एकाच खणात पडतात. जात विचारली तर पाचही क्रियापदं, पाचही बरोबर. पण 'प्रूव्ह' लिहिलं की पुराव्याचा भार अंगावर येतो. 'सजेस्ट' म्हणजे कल दिसतो, अजून तपासायला हवं. 'रिपोर्ट' म्हणजे कोणीतरी सांगितलं. 'रिकॉल' म्हणजे आठवून सांगितलं, त्यात स्मृतीची चूक असू शकते.

आठ खणांच्या व्याकरणाला हा फरक दिसत नाही. माझा आक्षेप इथे आहे. व्याकरणाची पुस्तकं आपल्याला शुद्ध वाक्य लिहायला शिकवतात, आणि शुद्ध वाक्य खोटं असू शकतं हे सांगायचं राहून जातं. परीक्षेत याने गुण जात नाहीत. संशोधनात विश्वास जातो, आणि तो आपल्यासोबत माहिती देणाऱ्याचाही जातो. नानांनी मला दुष्काळाची आठवण दिली आणि मी त्यांना वाक्यातूनच गायब केलं.

माझं दुरुस्त वाक्य मराठीत असं होतं : 'मुलाखत दिलेल्या ज्येष्ठ शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी, १९७२ च्या दुष्काळानंतर आपापल्या विहिरी खोल केल्याचं आठवून सांगितलं.' इंग्रजीत क्रियापद 'रिकॉल्ड', कर्ता 'फार्मर्स', आणि पुढे किती जणांनी ते आकड्यात. वाक्य पहिल्याइतकं भारदस्त नाही. पण पुढच्या बैठकीत त्यावर कोणी हसलं नाही. उलट, या आठवणी जुन्या नोंदींशी ताडून पाहता येतील का, असा कामाचा प्रश्न आला. आधीच्या वाक्यावर तो प्रश्न विचारताच आला नसता, कारण तिथे आठवण असल्याचंच कळत नव्हतं.

मग तयारी कशी करायची?

प्रवेश परीक्षेसाठी 'रेन अँड मार्टिन' करा. जाती ओळखायचे प्रश्न येतात, गुण सोडू नका. पण सोबत एक सराव रोज करा. तुमच्या विषयातल्या एखाद्या शोधनिबंधाचं एक पान घ्या, सगळी मुख्य क्रियापदं पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येकाला विचारा :

१. हे कोणी केलं? वाक्यात तो दिसतो का? दिसत नसेल, तर लपवलेला चालतो का?

२. कधी केलं? तेव्हा संपलं, की आजही लागू आहे?

३. लिहिणाऱ्याला कसं कळलं : पाहून, मोजून, ऐकून की वाचून? क्रियापद तेच सांगतं का?

आठवडाभर दुसऱ्यांच्या पानावर करा, मग स्वतःच्या सिनॉप्सिसवर. एखादं वाक्य अडलं, तर ते घरच्या मराठीत, अगदी बोलीत सांगून बघा. 'कोणी केलं' याचं उत्तर तिथे देता आलं नाही, तर ते इंग्रजीतही देता येणार नाही.

मी तरी आता तेच करते. मुलाखतींचं प्रकरण लिहून झालं की सुट्टीत केंदूरला जाते आणि नानांना वाचून दाखवते. ते 'हां, ह्ये म्या सांगितलं' म्हणाले की ते वाक्य पुढे जातं.